डोळे मिटायचा तास

माझी थोरली बहीण लोकांना पडून राहायला शिकवणार आहे, हे ऐकलं तेव्हा मी आधी हसले आणि मग भांडले. म्हटलं, अगं, पडून राहायला काय शिकवायचं? आपल्या घरातले निम्मे पुरुष जन्मभर तेच करत आले, त्यांनी कुठे क्लास लावला होता? ताई म्हणाली, "त्यांना येत नव्हतं गं ते. ते पडायचे आणि काळजी करत राहायचे."

ताई शाळेत पीटीची बाई होती. जन्मभर शिट्टी फुंकून पोरं पळवली. लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले ती कायमचीच. खाली रस्त्याला लागून माझं शिलाईचं दुकान, त्यामागे आमच्या दोन खोल्या, आणि वर एक लांबलचक खोली, जिच्यात मी कापडाचे तागे आणि एक मोडकं मशीन कोंबून ठेवलं होतं. रिटायर झाल्यावर तिने ती खोली मला न विचारता रिकामी केली. मी तोंड फुगवून बसले, तर तिने मलाच लोड शिवायला घातले. दुकानातल्या चिंध्या ठासून भरल्या त्यात. एकेक लोड उचलताना कंबर मोडेल असा जड.

यिन योग म्हणतात त्याला. सगळं जमिनीवरच. एकेका आसनात पाच-पाच मिनिटं नुसतं राहायचं, जोर म्हणून लावायचा नाही. अंगाखाली लोड, उशा, ब्लँकेटच्या घड्या, पायात मोजे. सांध्यांना आपोआप सैल पडू द्यायचं. ताईचं म्हणणं असं की थंडीत झाडंसुद्धा काही करत नाहीत, सगळा जीव मुळांशी नेऊन गप्प उभी राहतात, मग माणसानेच काय घोडं मारलंय? हिवाळ्यात कंबर आणि पाठ उबदार ठेवा, धावपळ कमी करा, श्वास लांब सोडा, म्हणजे वसंतात माणूस धड राहतो. आसनांची नावं तर ऐकत राहावी अशी. फुलपाखरू, सुरवंट, हंस आणि चक्क केळं. मी म्हणायचे, हा योग नाही, प्राणिसंग्रहालय आहे, आणि बाहेर फळवाल्याची गाडी.

पण लोक यायचे हो. दुपारी, जेवणं उरकल्यावर, उजेड मलूल होतो आणि हातपाय गार पडतात त्या वेळेला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या वहिनी यायच्या, पहाटेपासून पीठ मळून त्यांचे खांदे कानापर्यंत चढलेले असायचे. एक लायब्ररीवाली होती, तिला झोप यायची नाही. आणि एक बसवाले काका, आयुष्यभर स्टिअरिंग धरून पाठीचं लाकूड झालेले. ते पहिल्या आसनातच घोरायला लागायचे, म्हणून आम्ही त्यांना इंजिन म्हणायचो. अजून चार-पाच जणं होती. मी मागच्या भिंतीपाशी, माझ्या ब्लाउजला टाचण्या तशाच खोचलेल्या.

वर्गाचा नियम एकच. ताई आसन करून दाखवणार, मग सगळ्यांनी त्यात शिरायचं आणि डोळे मिटायचे. "मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. शेजाऱ्याचा पाय कुठवर गेला ते बघायला आपण आलेलो नाही." सगळे निमूट ऐकायचे. मी सोडून. मला खाली अर्धवट टाकलेली पँट दिसायची, दाराची कडी वाजल्यासारखी वाटायची. मी एक डोळा किलकिला करायचेच.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. त्याच्या थोडं आधी ताईच्या हातून कप पडायला लागले. मग सपाट रस्त्यावर ठेचकाळायला लागली. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. डॉक्टरांनी किती तरी तपासण्या करून शेवटी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं की स्नायू एकेक करून काम सोडणार. आधी हातपाय, मग गिळणं, मग श्वास. औषध आहे ते फक्त वेग थोडा कमी करायला. मी त्या माणसाशी भांडले. अक्षरशः भांडले, टेबलावर हात आपटून. ताईने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "चल, त्यांच्यावर काय ओरडतेस."

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमची आत्या आली आणि तोंडाला रुमाल लावून ताईकडे बघत राहिली. चुलतभाऊ आला, तो तिच्या पायांकडे बघून माझ्याशी बोलला. दवाखान्यात माणसं वळून बघायची. आणि सगळ्यात जास्त बघायची कोण, तर मी. ती कप उचलायची तेव्हा माझे डोळे कपावर. ती उठायची तेव्हा माझे डोळे गुडघ्यांवर. रात्री मी तिच्या उशाशी जाऊन छाती हलतेय का ते बघायचे. जीव एवढा टांगणीला लागला होता की दुसरं काही सुचायचंच नाही.

वर्गात मात्र कोणाला सांगायचं नाही, अशी तिने मला तंबी दिली. मी तिला सगळे यायच्या आधी काखेत धरून जिना चढवायचे आणि सगळे गेल्यावर उतरवायचे. मधल्या वेळात ती भिंतीशी ताठ बसलेली, केस नीट, आवाज खणखणीत. कोणाला शंका आली नाही.

एका दुपारी सुरवंट चालू होता. म्हणजे पाय पसरून बसायचं आणि मांडीवरच्या लोडावर पुढे ओणवं होऊन राहायचं. ताईने करून दाखवलं, सगळे ओणवे झाले, डोळे मिटले. मी सवयीने एक उघडला. ताई अजून लोडावरच होती. ती उठायचा प्रयत्न करत होती. तळवे जमिनीला टेकवायची, कोपरं थरथरायची आणि परत खाली. चेहरा लालबुंद. आणि तोंडाने काय म्हणत होती? "छान. अजून थोडं राहा. श्वास पाठीत भरू द्या." आवाज लोण्यासारखा. शेवटी ती एका कुशीवर कलंडली, कोपरांवर सरपटत भिंतीशी गेली, पाठ टेकवली, केसांवरून हात फिरवला, हात मांडीत ठेवले आणि मग म्हणाली, "आता हळूहळू बाहेर या."

मधेच कधीतरी आमची नजरानजर झाली होती. तिने मान हलवली, नाही म्हणून. मी ओणवीच राहिले.

वहिनी उठून बसल्या त्या खुशीत. "बाई, आज काय खोल गेलं हो! केवढा वेळ धरलं आपण!" लायब्ररीवाली म्हणाली, "आपली तयारी वाढलीय." इंजिननेही डोळे चोळत मान डोलावली. ताई हसली. "तुम्हीच मेहनत घेताय," म्हणाली.

खाली आल्यावर मी तोफ डागली. "तुला उठता येत नाही म्हणून ती माणसं तिथे लोळत पडलीत, आणि वर म्हणतायत तयारी वाढली! खुर्चीवर बसून शिकव ना. सांगून टाक. काय बिघडतं?"

"खुर्चीवर बसले की बघायला लागतील."

"बघू देत की!"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "अगं, दिवसभर मी उठते, बसते, खाते, मुततेसुद्धा कोणाच्या तरी डोळ्यांसमोर. आत्या बघते, डॉक्टर बघतो, तू तर पापणी लववत नाहीस. तेवढा एक तास कोणी बघत नाही मला. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि तरी सगळे माझं ऐकत असतात. तेवढा तास राहू दे मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी उठले आणि पुढच्या वर्गासाठी ब्लँकेटच्या घड्या घालायला लागले.

थंडी वाढत गेली तशी आसनं लांबत गेली. काचांवर वाफ धरायची, हीटर कण्हत राहायचा, आणि ती माणसं ओणवी पडून राहायची. वहिनी बेकरीत गिऱ्हाइकांना सांगायच्या की आमच्या बाई काय जबरदस्त शिकवतात, शहरात असं कोणी शिकवत नसेल. आणि खोटं नव्हतं हो ते. त्यांचे खांदे खरंच खाली आले. लायब्ररीवाली झोपायला लागली. इंजिनच्या पाठीला वाकणं म्हणजे काय ते कळलं. ताईला उठायला जितका जास्त वेळ लागे, तितकी ती माणसं बरी होत होती. फक्त मला एकटीला त्या तासात आराम नव्हता. मी एक डोळा उघडा ठेवून तिच्या कोपरांकडे बघत राहायचे, आणि ती भिंतीला टेकली की माझा जीव भांड्यात पडायचा.

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. एकदा जिन्यात मी इंजिनला सहज चिडवलं, "काय काका, झोपायचंच असेल तर घरी पलंग नाही का? तुमच्या घोरण्याने खालचं मशीन थरथरतं माझं." बिचारे ओशाळले. दुसऱ्या दिवशी घरून कडक कॉफी पिऊन आले, आणि आल्या आल्या मला सांगितलंसुद्धा, "आज बघा, एक सूर काढणार नाही."

त्या दिवशी ताई पालथ्या आसनात होती. सगळ्यांनी डोळे मिटल्यावर ती उलटायला गेली आणि तिचा हात अंगाखाली अडकला. गाल जमिनीला दाबलेला. मी बघत होते. तिने मला डोळ्यांनीच दटावलं, आणि तोंडाने वर्गाला म्हणाली, "अजून थोडं राहा." मग पुन्हा, "अजून थोडं." हात काही निघेना. मी उठू की नको, उठू की नको, करत होते, तेवढ्यात इंजिनने डोळे उघडले. इतके महिने घोरले, आणि ज्या दिवशी घोरायला हवं होतं त्या दिवशी नेमके जागे!

"अहो, बाई पडल्या!" ते ओरडले.

सगळे धडपडत उठले. काकांनी तिला काखेतून उचललं, वहिनींनी पाय धरले, खालून माझी खुर्ची वर आली. कोणी पाणी आणलं. ताईने ग्लास धरायला हात पुढे केला तर तो तिथवर पोचेना, म्हणून लायब्ररीवालीने ग्लास तिच्या तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून स्वेटरवर सांडलं. सगळे गोल उभे राहून बघत होते. ताई म्हणाली, "मी ठीक आहे." कोणी ऐकलं नाही. मी काकांच्या अंगावर धावून गेले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं जागं राहायला?" असं ओरडले. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचं बिचाऱ्यांचं काय चुकलं होतं? पडलेल्या माणसाला उचलायचं नाही तर काय करायचं?

मग सगळं सांगणं आलंच. वहिनी रडल्या.

पुढच्या वर्गाला झाडून सगळे आले. हातात काही ना काही. कोणी तेल, कोणी गुडघ्यांचे पट्टे, कोणाच्या ओळखीच्या डॉक्टरचा नंबर. वहिनींनी मऊ पाव आणला, चावायला सोपा म्हणून. माणसं सोन्यासारखी, एकालाही नाव ठेवता येणार नाही. ताईला खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. ती म्हणाली, "फुलपाखरू करू या. टाचा जवळ, गुडघे सैल. डोळे मिटा."

कोणीही डोळे मिटले नाहीत. म्हणजे मिटले, पण लहान मुलं झोपेचं सोंग घेतात तसे. पापण्या थरथरत होत्या. इंजिनने तर अर्धे उघडेच ठेवले होते, लागलंच तर चटकन उठता यावं म्हणून. ताई जरा हलली की सगळी खोली श्वास रोखायची. त्या दिवशी वर्गात माझ्यासारखी सात-आठ जणं झाली होती.

"डोळे मिटा," ती पुन्हा म्हणाली. हळू आवाजात.

मग म्हणाली, "आज एवढं पुरे."

तो शेवटचा वर्ग. त्यांनी खूप विनवण्या केल्या, पण ती बधली नाही. लोड वर एकावर एक रचून ठेवले मी. ती खालच्या खोलीत खिडकीशी बसायला लागली, आणि बोलेनाशी झाली. जेवण भरवलं तर खायची, विचारलं तर हो-नाही. आजाराने तिचे पाय नेले तेव्हाही मी तिला अशी विझलेली पाहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, श्वासावर लक्ष ठेवा, कफ अडकला तर लगेच उठवून बसवा. मी दुकान जवळजवळ बंदच केलं. खुर्ची घेऊन तिच्या समोर बसायचे आणि बघायचे. तो हिवाळा तिचा शेवटचा, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, पण एकीनेही तोंडातून काढलं नाही.

एका दुपारी ती एकदम कडाडली. आवाज पातळ झाला होता, तरी कडाडली. "तू जा इथून! काम नाही का तुला? दगडासारखी बघत बसतेस, मेलेय का मी?"

"मी नाही बघायचं तर कोणी बघायचं?" मीही ओरडले. "तुला काही झालं तर?"

"होणारच आहे!"

मी दुकानात जाऊन एक शिवण घातली, ती वाकडी गेली, उसवली. परत आले. ती खिडकीकडे तोंड करून होती. मी म्हटलं, "मला शिकव."

"काय?"

"वर्ग घे. मी एकटी आहे, पण आहे ना."

तिने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "तू डोळे मिटत नाहीस. मला काय माहीत नाही का? पहिल्या दिवसापासून नाही मिटलेस."

"मिटते."

वरून एक लोड आणि दोन ब्लँकेट आणली. तिला उशांना टेकवून बसवलं, मी तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर. तिने फुलपाखरू सांगितलं. मी उताणी पडले, पाठीखाली लोड, तळवे जुळवलेले, डोळे मिटले. दोन श्वास झाले नसतील, वरून आवाज आला, "उजवा डोळा."

"पट्टी बांधू का कापडाची?" मी विचारलं.

"पट्टी नाही बांधायची. मिटायचे."

काही दिवस असेच गेले. मी मिटायचे, ती खोकायची, मी उघडायचे. ती वर्ग तिथेच थांबवायची, एक शब्द न बोलता. मला माझाच राग यायचा. आख्खं आयुष्य बारीक टाके घातले मी, पण पापण्या खाली ठेवणं जमेना. आणि जमणार कसं? डोळे मिटलेले असताना ती गेली तर? डोळे उघडून काही तिला धरून ठेवता येणार नव्हतं, हे मला कळत होतं. नुसतं कळून काय होतं!

मग ती दुपार आली. बाहेर ऊन असं नव्हतंच, खिडकी पांढरी झाली होती. ती म्हणाली, "आज जास्त वेळ राहायचं. जमेल?" मी म्हटलं, जमेल. पडले. मिटले.

पहिल्यांदा फक्त तिचा श्वास. मग एक खरखर. माझे हात ब्लँकेटवर आवळले गेले. खरखर वाढली, श्वास अडकल्यासारखा झाला, आणि मग काहीच नाही. काहीच ऐकू येईना. उघड, उघड, असं सगळं अंग म्हणत होतं. मी दातांवर दात रोवले आणि मिटूनच राहिले. तेव्हा मला ऐकू आलं ते काय आहे, हे ओळखायला वेळ लागला, कारण मी ते कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी नाही, आई गेली तेव्हा नाही, डॉक्टरांसमोर नाही. ताई रडत होती.

आधी दबून, मग मोकळ्याने. जमेल तेवढ्या आवाजात, हुंदके देऊन, मधे एकदा "आई गं" म्हणून. मी तिथे हाताच्या अंतरावर पडलेली, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. मी हलले नाही. तिला बिलगावं, तिचं डोकं छातीशी धरावं, असं इतकं वाटत होतं की दंड दुखायला लागले. पण मग ती थांबली असती. रडू दिलं तिला. किती वेळ ते मला माहीत नाही, फार वेळ राहिलो आम्ही त्या आसनात.

हळूहळू ओसरलं. तिने नाक ओढलं, घसा साफ केला आणि तिच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "आता हळूहळू बाहेर या."

मी कुशीवर वळले, उठून बसले. डोळे मिटलेलेच. तिचे हात आता उचलत नव्हते, आणि तिचा चेहरा ओला होता, हे बघायची मला गरज नव्हती. मी खिशातून रुमाल काढला आणि चाचपत पलंगाची कड शोधली, मग उशी, मग तिचा गाल. हाताला जेवढं समजतं तेवढ्यावर पुसत गेले. एक गाल, दुसरा गाल, हनुवटी, गळ्यापाशी साचलेलं पाणी. मी रुमालाची घडी केली.

"नाक राहिलं," ताई म्हणाली.

मी नाकही पुसलं.